ज्याचं दुखतं त्यानंच अर्थ लावावा

पत्र असं आहे:

"मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ४४. सहा वर्षांपासून रूमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास बोटं मिटत नाहीत. दुधाची पिशवी फोडणं, नळ सोडणं जमत नाही. मुलगी नववीत आहे. शाळेला जाण्याआधी ती कणीक मळून ठेवते, माझी वेणीही तीच घालते. गेल्या वर्षी एका चंगाई सभेत, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरवलेल्या प्रार्थनासभेत, माझ्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. आता औषध घेतलंस तर तो देवावर अविश्वास ठरेल, असं मला सांगितलं. मी मेथोट्रेक्सेट, म्हणजे या आजाराची मुख्य गोळी, आणि बाकीच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिने खरंच बरं वाटलं. चर्चच्या मंडळीत उभं राहून, देवानं मला बरं केलं अशी साक्षही दिली. मग दुखणं दुपटीनं परत आलं. आता कोणाला सांगायचीही चोरी. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून लपवून खाते.

महिला मंडळातल्या एक बाई म्हणतात, काहीतरी लपवलेलं पाप असणार. दुसऱ्या म्हणतात, पूर्वजांचा शाप आहे. सासूबाई म्हणतात, प्रभूनं एवढा क्रूस वाहिला, तू तुझा गुपचूप वाहा. मागच्या महिन्यात चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी काचेची पेली बोटांतून निसटली आणि द्राक्षरस पांढऱ्या साडीवर सांडला. सगळे बघत होते. त्यानंतर मी पुढे गेलेलीच नाही. मिस्टर म्हणतात, तुला वाटेल ते कर. मुलगी विचारते, येशूला तुला बरं करता येत नाही का? दुःखात देवाचा काही अर्थ असतो असं लहानपणापासून ऐकलं. मग मला तो दिसत का नाही? माझा विश्वासच खोटा आहे का?"

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न देवाबद्दल आहे, पण मी आधी गोळ्यांबद्दल बोलणार आहे. मी आयुष्यभर मिशनच्या रुग्णालयांत नर्स म्हणून काम केलं, त्यामुळे हे मला मागे ठेवता येत नाही. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. सांध्यांच्या आजाराचे तज्ज्ञ, म्हणजे रूमेटॉलॉजिस्ट, भेटले तर उत्तमच. काय झालं ते सगळं खरं सांगा: गोळ्या कधी बंद केल्या, का केल्या, आता मेडिकलमधून कोणती आणता, दिवसाला किती घेता. घरात उरलेल्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका. रक्ताच्या तपासण्या करून डॉक्टर डोस ठरवतील. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते हे तुम्हाला माहीत असेलच. तरी लिहिते, कारण चुकून रोज घेतल्यानं जिवावर बेतलेले पेशंट असतात.

लपवून खाता ती गोळी दुखणं दाबते, आजार थांबवत नाही. आत सांधा झिजतच राहतो, आणि महिनोन्महिने ती अशीच खाल्ली तर पोटाला आणि किडनीला त्रास होतो तो वेगळाच. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो. तो आपणहून कमी-जास्तही होतो, आणि औषध थांबवल्यावर त्याचा असर काही आठवडे टिकतो. सभेनंतरचे ते दोन महिने कशामुळे बरे गेले याचा उलगडा यात असू शकेल. त्या दिवशी तुम्ही जी साक्ष दिली ती खोटी नव्हती. बरं वाटत होतं आणि तुम्ही बरं वाटतं असं सांगितलंत.

औषध म्हणजे अविश्वास, ही शिकवण पवित्र शास्त्रात मला कुठे सापडलेली नाही. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. त्यानं रडून प्रार्थना केली आणि देवानं त्याच्या आयुष्याची पंधरा वर्षं वाढवली. असं स्पष्ट वचन मिळाल्यावरही यशया संदेष्ट्यानं काय सांगितलं? अंजिराचं पोटीस आणून गळवावर बांधा. वचन देवाचंच आणि पोटीसही देवाचंच. प्रेषित पौलाच्या सोबत्यांत लूक होता, आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. मिरजेला मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या किती मुली पिढ्यान्पिढ्या नर्सिंगला गेल्या! त्या सगळ्या अविश्वासाची चाकरी करत होत्या, असं म्हणायचं का?

गोळी लपवून खाऊ नका. टेबलावर, सर्वांसमोर घ्या. घेताना प्रार्थना करावीशी वाटली तर करा.

आता त्या तीन बायकांनी सांगितलेले तीन अर्थ. ते एकेक करून पाहायलाच हवेत, कारण मला वाटतं तुम्हाला बोटांइतकंच हे बोलणंही दुखतं आहे.

पाप. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. जन्मांध माणूस रस्त्याकडेला बसलेला आहे. शिष्य त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्याबद्दल बोलतात: गुरुजी, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. पुढे तो म्हणतो की देवाची कार्यं याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून हे झालं. या अर्ध्या वाक्याचा आधार घेऊन पुष्कळजण सांगतात, बघा, देवानंच आंधळं केलं, स्वतःचं सामर्थ्य दाखवायला. मी ते तसं वाचत नाही. त्याच श्वासात येशू म्हणतो, दिवस आहे तोवर आपल्याला काम केलं पाहिजे. मग तो जमिनीवर थुंकून चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोह तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांना कारण हवं होतं. येशूनं हात चिखलात घातले.

लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची बातमी आहे. तिथेही येशू विचारतो, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तर तोच देतो: नाही. त्या बाईंना वाद घालायला हे दोन अध्याय दाखवू नका. तुमच्या स्वतःच्या मनात रात्री तोच आवाज उठतो, त्याच्यासाठी ठेवा.

शाप. आईबापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण यहेज्केलाच्या काळी इस्राएलात सगळ्यांच्या तोंडी होती. अठराव्या अध्यायात देव म्हणतो, ही म्हण इथून पुढे तुमच्यात चालायची नाही. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. यावर अधिक लिहावं असं मला वाटत नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी ख्रिस्ती होताना काय काय सोसलं, वाळीत राहिल्या, माहेर तुटलं. त्यांच्या नावावर आज कोणी शाप लावावा याचा मला राग येतो.

आणि सासूबाईंचा 'गुपचूप'. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नसेल. त्यांच्या पिढीतल्या बायकांना दुसरं काही शिकवलंच नाही. पण प्रभूनं क्रूस गुपचूप वाहिला, हे चारही शुभवर्तमानांतून मला सापडत नाही. गेथशेमाने बागेत त्यानं तीन वेळा मागितलं, हा प्याला माझ्यापासून टळू दे. मित्रांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले तर त्याला वाईट वाटलं आणि ते त्यानं बोलून दाखवलं. वाटेत त्याला क्रूस पेलवेना तेव्हा शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला धरून त्याच्यावर तो लादला. प्रभूचा क्रूससुद्धा दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर गेला, ताई. तुमच्या पत्रात मिस्टर एकाच वाक्यात येतात. कणीक त्यांनी मळायला काय हरकत आहे? दोन हात धडधाकट असलेला माणूस घरात असताना नववीतल्या पोरीनं सकाळची सगळी शिमोनगिरी करावी, हे मला पटत नाही. हे त्यांना माझ्या नावावर वाचून दाखवा.

गुड फ्रायडेला आपण तीन तास बसून क्रुसावरचे सात उद्गार ऐकतो. चौथा उद्गार असा: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? बाविसाव्या स्तोत्राची ती पहिली ओळ आहे. ज्याला आपण देवाचा पुत्र म्हणतो त्यानं 'का' असा प्रश्न केला आणि त्या क्षणी वरून उत्तर आलं नाही. मग तुमच्या 'का'मुळे तुमचा विश्वास खोटा कसा ठरेल? ८८ वं स्तोत्र उघडा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी शास्त्र एकत्र केलं त्यांनी ते गाळलं नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. देवाच्या तोंडावर एवढं स्पष्ट बोलणारा माणूस देवापासून दूर गेलेला नसतो, असं मी मानते. दूर गेलेला बोलतच नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, अर्थाचा.

ईयोबाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यातली एक गोष्ट नजरेतून निसटते. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं ते आपल्याला, वाचणाऱ्यांना कळतं. ईयोबाला ते शेवटपर्यंत कळत नाही. बेचाळीस अध्याय संपतात, देव वावटळीतून त्याच्याशी बोलतो, पण तुझ्यावर हे या कारणानं आलं असं एका शब्दानं सांगत नाही. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, सुरुवातीला सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले होते. तेवढं त्यांनी नीट केलं. मग तोंड उघडलं आणि कारणं सांगायला लागले. शेवटी देव रागावला तो या मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांना तो म्हणाला, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसे. ईयोब तर आपल्या जन्माच्या दिवसाला शिव्या देत होता!

या ठिकाणी माझं एक ठाम मत झालं आहे. दुखण्याचं कारण म्हणजे दुखण्याचा अर्थ, असं आपण धरून चालतो. देवानं हे का पाठवलं ते कळलं की अर्थ कळला, असं आपल्याला वाटतं, आणि मग जो तो दुसऱ्याच्या दुखण्याची कारणं शोधत सुटतो. तुमचं कारण मी तुम्हाला वर सांगितलं. ते रक्तात आणि सांध्यांत आहे. अर्थ ही निराळी गोष्ट आहे. तो मागून येतो, कधी फार उशिरा येतो, कधी येत नाही. आणि आला तर ज्याला दुखतं त्याच्याच हातून येतो. बाहेरच्यानं आणून ठेवलेला अर्थ पेशंटला दुसऱ्या आजारासारखा जड होतो. वॉर्डात मी हे सारखं पाहिलं. खाटेजवळ उभं राहून 'यात देवाची योजना आहे' म्हणणारे पाहुणे गेले की पेशंट भिंतीकडे तोंड करून पडायचे. पाणी पाजून, उशी सारखी करून, एखादं स्तोत्र हळू म्हणून जाणारे गेले की तेच पेशंट जेवायला मागायचे.

पंडिता रमाबाईंचं केडगाव तुमच्यापासून फार लांब नाही. १८५८ साली जन्मलेल्या या बाईच्या वाट्याला काय काय आलं ते पाहा. १८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. आजारी आईसाठी शेजारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या तर तोंडातून शब्द फुटेना, अशी आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे. भाऊ आणि त्या पायी देशभर हिंडल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई उठून तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना शेकडोंनी घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. आपण स्वतः दुष्काळात काय भोगलं ते आठवल्यामुळे आपल्याला घरी बसवेना, असं त्यांनी लिहिलं आहे.

दुष्काळापासून दुष्काळापर्यंत बावीस वर्षं गेली. १८७४ साली त्या तरुण मुलीला कोणी म्हणालं असतं, तुझी आई उपाशी मेली यात योजना आहे, पुढे तू मुलींना वाचवणार आहेस, तर ते क्रूर झालं असतं. केडगाव उभं राहिलं म्हणून आईचं तसं मरणं चांगलं ठरत नाही, आजही नाही. पण रमाबाईंनी आपलं भोगणं वाया जाऊ दिलं नाही. ते घेऊन त्या इतरांकडे गेल्या. ख्रिस्ती माणूस दुःखाला अर्थ देतो म्हणजे काय, याचं माझ्याजवळ याहून चांगलं उदाहरण नाही. आणि दुःख तिथं संपलंही नाही. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. शेवटच्या वर्षांत, ऐकू येणं खूप कमी झालेलं असताना, त्या मूळ भाषांवरून साध्या मराठीत पवित्र शास्त्र उतरवण्याचं काम करत होत्या.

वेदना ही देवाची देणगी आहे, असंही एखादा धर्मोपदेशक तुम्हाला सांगेल. त्यामागे एक खरी गोष्ट आहे, ती तुम्हाला माहीत असावी. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की रोग बोटं खात नाही. हाताला दुखणंच कळत नाही, म्हणून माणूस तापलेलं भांडं तसंच धरून ठेवतो, जखम झाली तरी तोच हात वापरत राहतो आणि बोटं जातात. त्यांच्या लेखी दुखणं हे राखण करणारं होतं, आणि ते खरं आहे. पण तुमचं दुखणं त्या प्रकारचं नाही. धोक्याची घंटा आग लागल्यावर वाजली तर घर वाचतं. तुमच्या सांध्यांत ती रात्रंदिवस वाजते आहे आणि घरच्यांना झोपू देत नाही. ती बंद करायचा प्रयत्न करणं योग्यच आहे.

तो प्रयत्न भक्तीचा भाग असू शकतो हे सिसिली साँडर्स या बाईंनी दाखवलं. आधी नर्स, मग समाजसेविका आणि मरणाऱ्या पेशंटच्या वेदना डॉक्टर मनावर घेत नाहीत म्हणून पुढे स्वतः डॉक्टर झाल्या. पक्क्या ख्रिस्ती. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना उसळून येण्याची वाट बघू नका, त्याआधीच वेळेवर औषध द्या, हा त्यांचा आग्रह. त्याचबरोबर त्या म्हणत, माणसाचं दुखणं नुसतं शरीराचं नसतं. मनाचं असतं, नात्यागोत्यांचं असतं, देवाशी असलेल्या नात्याचंही असतं, आणि या सगळ्यांकडे एकदम बघावं लागतं. मुंबईत बांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, तेही याच वाटेवरचं. येशूच्या नावानं काम करणाऱ्या या सगळ्यांनी वेदना कमी करण्यात आयुष्य घातलं. वेदना स्वतःच पवित्र असती तर त्यांनी तिला हात लावला नसता.

तुमच्या पत्राखाली तुम्ही कलस्सैकरांस पत्राचा १:२४ लिहून प्रश्नचिन्ह टाकलं आहे. ख्रिस्ताच्या क्लेशांतलं उरलेलं मी माझ्या देहात भरून काढतो, असं पौल तिथे म्हणतो. माझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणी याच वचनाला धरून आपलं दुखणं दुसऱ्यासाठी अर्पण करतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८४ मध्ये दुःखावर पत्र लिहिलं ते याच वचनापासून सुरू होतं. तीन वर्षांपूर्वी, मे १९८१ मध्ये, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, त्यामुळे ते ऐकीव लिहीत नव्हते. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही रीत नाही, पण मला तिच्यात सत्य दिसतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडलेली एक म्हातारी मला सांगायची, रात्रीची कळ मी माझ्या दारू पिणाऱ्या लेकासाठी देते. त्यानं कळ कमी होत नव्हती. रात्र मात्र तिची राहायची, ती कुणाची तरी आई असायची, नुसती पेशंट नसायची. सकाळी ती इंजेक्शनही वेळेवर मागून घ्यायची. अर्पण करायचं ते आपल्या मर्जीनं, आणि उपचार घेऊन. सासूबाईंनी सुनेकडून ते करवून घ्यायचं नसतं. पौलसुद्धा हे स्वतःच्या देहाबद्दल, कैदेतून लिहितो आहे.

त्याच पौलाच्या शरीरात काटा होता. काय आजार होता कोणाला माहीत नाही. त्यानं तीन वेळा विनवणी केली, प्रभूसारखीच तीनदा. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, असं उत्तर मिळालं. मंडळीत कोणी म्हणालं की विश्वास असता तर बरी झाली असतीस, तर मनात एवढंच विचारा: मग पौलाचा विश्वास कमी होता का?

प्रभुभोजनाला या रविवारी जा. आदल्या दिवशी पाळकसाहेबांना फोन करून सांगा की बोटं मिटत नाहीत, पेली धरता येत नाही. ते पेली तुमच्या ओठांना लावतील, किंवा भाकरीचा तुकडा द्राक्षरसात बुडवून देतील. मिशनच्या वॉर्डात आम्ही हात नसलेल्या, लुळे पडलेल्या, नाकात नळी असलेल्या माणसांनाही पाळकांच्या हातून तो घेताना पाहिलं आहे. तुमच्या हातून सांडलं याची तुम्हाला लाज वाटते, पण जो मोडलेला देह आणि सांडलेलं रक्त आपण तिथे आठवतो, त्या मेजावर दुखऱ्या हातांची लाज कोणाला वाटायची? पुनरुत्थानानंतर प्रभूनं थोमाला स्वतःचे हात दाखवले. खिळ्यांचे व्रण त्या हातांवर तसेच होते.

मुलीला उत्तर द्या, टाळू नका. चौदा वर्षांच्या मुलीला आईचं टाळणं लगेच कळतं. तिला म्हणा, मला माहीत नाही, मीही त्याला रोज हेच विचारते. मग तिच्याबरोबर लाजराची गोष्ट वाचा, योहान ११. त्याला उठवणार हे येशूला माहीत होतं. तरी मरीया रडताना पाहून तो आधी रडला. पुढे काय होणार हे माहीत असलेल्या देवालाही समोरच्या बाईचं रडणं ओलांडून जाता आलं नाही. मला बरं का करत नाही याचं हे उत्तर होत नाही, हे तिला मोकळेपणानं सांगा. तो माझ्याजवळ कसा आहे याबद्दल मला एवढं ठाऊक आहे, असं म्हणा. डॉक्टरांकडे जाताना शक्य असेल तर तिला बरोबर न्या. आजार काय आहे, औषध काय करतं, हे तिनं डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं. नाहीतर आईच्या दुखण्याचा दोष ती देवाला देईल, नाहीतर स्वतःला. मुलं स्वतःलाच आधी देतात.

राहिली तुमची साक्ष. तुम्हाला ती परत घ्यावी लागेल असं वाटत असेल आणि त्याची भीतीही वाटत असेल. घाई नाही. आधी औषध बसू द्या, या औषधांचा गुण यायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. मग पाळकसाहेबांशी एकट्यानं बोला. ते समजूतदार असतील तर मंडळीसमोर बोलायला वेळ मागा. माफी मागायचं कारण नाही. घडलं तसं सांगा: प्रार्थना झाली, बरं वाटलं, गोळ्या सोडल्या, दुखणं वाढलं, मी ते लपवलं, आता पुन्हा औषध घेते आहे आणि प्रार्थनाही करते आहे. एवढं पुरे. तुमच्या समोरच्या बाकांवर कोणीतरी असेल ज्यानं त्याच सभेनंतर इन्सुलिन बंद केलं, फिटच्या गोळ्या सोडल्या, टीबीचा कोर्स अर्ध्यावर टाकला आणि आता तुमच्यासारखंच कोणाला सांगायची चोरी झाली आहे. त्या माणसाला तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाचं बोलणं पटणार नाही.